काळी कोणती आणि पांढरी कोणती?

मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, उदगीरची बाजारपेठ ओस पडते. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जातो, ज्याला नाही तो शेजाऱ्याच्या किंवा मित्राच्या शेतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबिलीचे जेवण होते, आणि उन्हे कलेपर्यंत लेकरेबाळे हरभऱ्याच्या, ज्वारीच्या रानात हिंडत राहतात. लातूर, धाराशिव आणि नांदेडकडचा हा आपला खास सण. वर्षातून एक दिवस का होईना, सगळे घर जमिनीच्या पाया पडते.

वाचकहो, पुढच्या येळवशीला शेताकडे जाताना जरा रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघा. उदगीर सोडून कोणत्याही सडकेने निघा, काळ्याभोर रानात चुन्याच्या रेघा मारलेल्या आणि सिमेंटचे खुंट रोवलेले दिसतील. शेजारी पाटी असेल, ‘एन.ए. प्लॉट विकणे आहे’. काही ठिकाणी घरे उठली आहेत. पुष्कळ ठिकाणी घरही नाही आणि पीकही नाही, नुसत्या बाभळी आणि कुसळे. तसेच पुढे जात राहिलात की मुरमाड माळ लागतो. तो मात्र पूर्वी होता तसाच उघडा. त्याच्यावर ना घर, ना झाड, ना चारा.

जिथे पिकते तिथे प्लॉट, आणि जिथे काही पिकत नाही तिथे काहीच नाही, असा हा उफराटा कारभार आहे. याला कुणी एक माणूस जबाबदार नाही. कोणती जमीन कशासाठी राखायची, हे ठरवणारे ठाम धोरण आपल्या देशाला नाही, हे त्याचे मूळ आहे. राष्ट्रीय भू-उपयोग धोरण हा शब्द ऐकायला जड वाटतो. पण विषय आपल्या बांधावरचा आहे.

जुन्या माणसांची वाटणी

आपल्या आजोबा-पणजोबांनी हे धोरण कुठल्याही सरकारची वाट न बघता आखले होते. गावाची जमीन दोन शब्दांत विभागलेली असे, काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचे. गाव बसवताना उंचवटा बघत, खाली मुरूम आहे का हे बघत. भारी रान घरासाठी कुणी मोडत नसे. त्याशिवाय गुरांसाठी गायरान, बैलगाडीसाठी पाणंद, मळणीसाठी खळे, देवासाठी राई, मसणवट्याला जागा आणि पाण्यासाठी ओढा. प्रत्येकाची हद्द गावातल्या पोराटोरांनाही माहीत असे.

या वाटणीत सगळेच चांगले होते असे मात्र समजू नये. पांढरीत कोणी कुठे राहायचे हे जातीवर ठरत असे, आणि ज्यांनी काळीत घाम गाळला त्यांतल्या कित्येकांच्या नावावर एक गुंठाही नसे. तो अन्याय परत आणायचा नाही. पण जमिनीचा कस बघून तिचा उपयोग ठरवायचा, ही त्यातली अक्कल आजही घेण्यासारखी आहे.

आणि ही अक्कल घराच्या दृष्टीनेही खरी आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर वरवरचा पाया घालून बांधलेल्या घराच्या भिंती तडकतात. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो, म्हणजे खर्च वाढतो. काळ्या रानावर घर बांधले की रानही जाते आणि घरही सुखाचे होत नाही.

माणशी किती गुंठे?

आता देशाचा हिशेब मांडू. जगाच्या एकूण जमिनीपैकी जेमतेम अडीच टक्के जमीन भारताच्या वाट्याला आली आहे. माणसे मात्र जगाच्या सहाव्या हिश्शाहून अधिक. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३३ कोटी हेक्टर, आणि त्यातले प्रत्यक्ष पेरणीखालचे क्षेत्र सुमारे १४ कोटी हेक्टर. हा १४ कोटींचा आकडा १९७० पासून फारसा हललेला नाही. १९७१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ५५ कोटींच्या आसपास होती. तेव्हा माणशी साधारण २५ गुंठे पेरणीची जमीन येत होती. आज लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे गेली आहे. भागाकार करून पाहा. माणशी १० गुंठे उरतात.

घरातली वाटणीही तशीच बारीक झाली. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये खातेदाराची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर.

आहे ती जमीनही सगळी धड नाही. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने २०२१ मध्ये नकाशे प्रसिद्ध केले. त्यांनुसार देशाच्या क्षेत्रफळापैकी जवळजवळ ३० टक्के जमीन या ना त्या कारणाने खराब झाली आहे. धूप, खारवटपणा, झाडोरा नाहीसा होणे, अशी ती कारणे. वरचा एक इंच मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. वाहून जायला दोन वळवाचे पाऊस पुरतात, आणि सिमेंटखाली जायला एक दिवस.

धोरण कागदावर का राहिले?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. जमिनीची शास्त्रीय पाहणी करणारी राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली, आणि तिचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. जमिनीचे आठ वर्ग शास्त्राने ठरवलेले आहेत. पहिले चार नांगरटीचे, बाकीचे चार कुरण, झाडे आणि वनासाठी. आपले म्हातारे भारी, मध्यम, हलकी, बरड म्हणत, त्याचेच हे शास्त्रीय रूप.

१९८८ च्या सुमारास केंद्राने भू-उपयोग धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आखून राज्यांकडे पाठवली. त्यांना कायद्याचे बळ नव्हते. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात चांगली शेतजमीन शेतीसाठीच राखावी, अगदी अपवाद म्हणूनच दुसरीकडे द्यावी, असे म्हटले गेले. २०१३ मध्ये केंद्राच्या भूमी संसाधन विभागाने राष्ट्रीय भू-उपयोग धोरणाचा मसुदा काढला. शेतीचे, शहरी, औद्योगिक, निसर्गाच्या दृष्टीने नाजूक, असे पट्टे पाडून प्रत्येकाचे नियम वेगळे करावेत अशी त्यात कल्पना होती. तो मसुदा मसुदाच राहिला.

यात एक अडचण खरी आहे. घटनेप्रमाणे जमीन हा राज्यांचा विषय आहे. दिल्ली सांगू शकते, सक्ती करू शकत नाही. त्यामुळे केंद्र राज्याकडे बोट दाखवते, राज्य केंद्राकडे, आणि मधल्या मध्ये चुन्याच्या रेघा पुढे सरकत राहतात.

राज्याचे कायदे तर एकमेकांच्या पायात पाय घालतात. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा म्हणतो, जमिनीचे फार लहान तुकडे करून विकू नका. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ही मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केली गेली. पण शहरांच्या कडेला एकदोन गुंठ्यांचे व्यवहार चालूच राहिले, आणि ते नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला. त्या सवलतीची मुदत २०२१ मध्ये पुन्हा वाढवली गेली. एका हाताने बंदी आणि दुसऱ्या हाताने माफी, असे झाले की नियम पाळणारा वेडा ठरतो.

१९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे शेतजमीन बिनशेती करायला परवानगी घ्यावी लागे. २०१४ नंतरच्या दुरुस्त्यांनी ही अट सैल झाली. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत जी जमीन रहिवास किंवा उद्योगासाठी दाखवली आहे तिला, आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही, सोपी वाट मिळाली. हेलपाटे कमी झाले हे चांगले झाले. पण याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. निकाल आता त्या आराखड्याच्या नकाशावरच लागतो. नकाशात रंग कोणता भरला जातो हे आपण पाहिले नाही, तर नंतर ओरडून उपयोग नाही.

कोरडवाहू काळीला वाली नाही

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात शेतजमिनीला एक संरक्षण आहे. ओलिताखालची, एकाहून जास्त पिके देणारी जमीन अगदी शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी, असे कलम १० सांगते. ऐकायला बरे वाटते. पण या कलमातून रस्ते, रेल्वे, कालवे असे लांबलचक पट्ट्यांचे प्रकल्प वगळले आहेत. शिवाय हे संरक्षण सरकारी संपादनापुरतेच. प्लॉट पाडणाऱ्याने सरळ खरेदी केली तर ते लागू होत नाही.

आणि आपल्या मराठवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडचे भारी रान खरिपात मूग-उडीद देते आणि मातीत मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी, हरभरा पिकवते. म्हणजे पाट नाही, मोटार नाही, तरी वर्षाला दोन पिके. अशी जमीन ‘ओलिताखालची’ या शब्दात बसत नाही. कायद्याच्या लेखी ती कोरडवाहू, म्हणजे जणू कमी मोलाची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो नाही. जिथे पाणी इतके दुर्मिळ, तिथे पाणी धरून ठेवणारी माती हीच आपली विहीर. राष्ट्रीय धोरण होईल तेव्हा त्यात ओलिताबरोबर मातीची खोली आणि ओल धरण्याची ताकदही मोजली पाहिजे. ही मागणी आपण नाही केली तर दुसरे कोण करणार?

गायरान कुणाचे?

देवणी गाय-बैल ही आपल्या भागाने देशाला दिलेली जात. वानेरा, बालंक्या, शेवेरा हे तिचे तीन प्रकार जाणकार लांबून ओळखतात. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजाराचे नाव अजून दूरवर आहे. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण गाय चरायला कुठे न्यायची? गायरानावर कुठे घरे, कुठे पेरणी, कुठे सरकारी इमारती. दावणीला बांधून सगळा चारा विकत घ्यायचा तर देवणी गाय परवडत नाही, मग ती विकली जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे दूर करावीत असा निकाल दिला. त्यानंतर राज्यानेही आदेश काढले. पण इथे एक गोष्ट माणुसकीने बघितली पाहिजे. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन असलेल्या कुटुंबांनी पोटासाठी गायरान कसले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह याच भुकेतून उभे राहिले. एका घरासाठी दोन एकर कसणारा भूमिहीन आणि रस्त्याकडेचे गायरान गिळून दुकाने काढणारा, या दोघांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. पहिल्याचा हक्क ठरवून द्या, दुसऱ्याला उठवा, आणि उरलेले गायरान कुंपण घालून चाऱ्यासाठी जपा.

अलीकडे सौर विजेचे पॅनेलही जमीन मागतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले आहे. बरड माळाला एवढे भाडे मिळाले तर सोन्याहून पिवळे. पण त्यासाठी भारी रान किंवा गावाचे एकमेव कुरण देऊन बसू नये.

“जमीन माझी, सरकार कोण?”

आता एक रोखठोक प्रश्न. कोणी शेतकरी म्हणेल, “जमीन माझ्या बापाची. सोयाबीनला भाव नाही, तुरीचा भाव काढणीच्या वेळी पडतो. प्लॉटवाला एकरकमी पैसे देतो. मी विकू नको, हे सांगणारे तुम्ही कोण?”

हा प्रश्न उर्मटपणाचा नाही, रास्त आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने मालमत्तेच्या हक्काचा प्रश्न उगीच लावून धरला नव्हता. देशाच्या अन्नासाठी जमीन राखायची, पण तोटा एकट्या शेतकऱ्याने सोसायचा, असे धोरण असेल तर ते आपल्याला नको. हिरव्या पट्ट्यात अडकलेल्याची जमीन कवडीमोल आणि पलीकडच्या पिवळ्या पट्ट्यातल्याची सोन्याच्या मोलाची, असे झाले तर लोक नकाशाचा रंग बदलून घेण्यासाठीच धावतील. म्हणून ज्याची जमीन शेतीसाठी राखली, त्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. हमीभावाची खरेदी त्याच्या गावात आधी, पाणंद रस्ता, शेततळे, वीज आणि कर्ज त्याला आधी. शहर वाढल्याने ज्या जमिनींचे भाव चढतात, त्या चढलेल्या पैशातून याचा काही भाग भागवता येईल.

दुसरी बाजूही बघू. रस्त्याकडेचे दोन एकर विकलेले एखादे घर तुमच्याही ओळखीचे असेल. पैशातून माडी झाली, लग्न झाले, जीप आली. दहा वर्षांनी जीप भंगारात गेली, आणि मुलगा ज्या रानाचा मालक होता त्याच रानातल्या गोदामावर राखणदार झाला. पैसा खर्चून संपतो. जमीन दरवर्षी नव्याने पिकते. विकू नये असे नाही. पण कोणती विकावी आणि त्या पैशाचे काय करावे, हे घरात बसून ठरवावे.

या ठिकाणी घरातल्या बायकांना विचारायला विसरू नका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्यापुरती बहीण आठवायची, हे आता शोभत नाही. खुरपणी, वेचणी करून ज्या बाईने त्या रानाचा प्रत्येक सरा पायाखाली घातला आहे, तिचे मत सहसा एजंटापेक्षा शहाणपणाचे निघते.

दुसरीकडे काय केले?

चीनने आपली लागवडीची जमीन १२ कोटी हेक्टरच्या खाली जाऊ द्यायची नाही अशी रेघच ओढली आहे. केरळने २००८ मध्ये भातखाचरे आणि पाणथळ जमिनी राखण्याचा कायदा केला, आणि देखरेखीसाठी गावपातळीवर समित्या नेमल्या. पुढे त्यात सवलती घुसल्या, पण कायदा उभा आहे. गोव्यात प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि २००७ च्या आरंभी सरकारला तो मागे घ्यावा लागला. २०२३ मध्ये तिथे भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदाही झाला.

आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार बघा. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने स्वतःच नियम केले. जमीन बाहेरच्याला विकायची नाही, माळावर चराईबंदी, शेतीसाठी कूपनलिका नाही, आणि पावसाचे माप घेऊन पिके ठरवायची. राष्ट्रीय धोरणाची वाट न पाहता एका गावाने आपल्या शिवारापुरते धोरण केले.

आपल्या गावाने काय करावे?

दिल्ली-मुंबईचे धोरण होईल तेव्हा होवो. त्यासाठी आग्रह धरलाच पाहिजे. पण पुढील कामे या वर्षीच करता येतील.

१. गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवा. चार जुनी माणसे, चार बाया आणि चार शिकलेली पोरे एकत्र बसवून त्यावर भारी, मध्यम, हलकी, चोपण, माळ, ओढे, पाणंद आणि गायरान रंगवा.

२. हा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवा. नवी घरे, गोदामे, पॅनेल, खडी केंद्रे आणि वीटभट्ट्या आधी मुरमाड जमिनीवर, असा ठराव करा. तो ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याला जोडून घ्या. जमीन सुधारणा आणि मृदसंधारण हे घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींच्या यादीत घातलेले विषय आहेत, हे लक्षात ठेवा.

३. शहराचा विकास आराखडा किंवा प्रादेशिक योजना प्रसिद्ध झाली की हरकतींसाठी ठराविक मुदत असते. तलाठ्याकडे, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, चौकशी करीत राहा. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.

४. घरात विकायची वेळ आलीच तर आधी बरड विका, भारी राखा. ज्या रानात विहीर आहे आणि ज्याला पाणंद आहे, ते शेवटी.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या धाराशिवमध्ये अनेक गावे नव्या जागी बसवावी लागली. आकांताची वेळ होती, निवारा तातडीने हवा होता. नव्या गावठाणांनी जुन्या गावठाणांच्या कितीतरी पट जागा घेतली, आणि त्यासाठी कुणाचे ना कुणाचे रान गेले. संकटात असे होणारच. पण आज आपल्यावर असा आकांत नाही. बसून, नकाशा पुढे घेऊन, शांतपणे ठरवायला वेळ आहे. तरीही आपण ठरवले नाही, तर तो दोष भूकंपाचा नसेल.

म्हणून पुढच्या येळवशीला आंबील पिऊन झाली की लेकरांना घेऊन शिवारातून एक फेरी मारा. कोणती काळी, कोणती पांढरी, गायरानाची हद्द कुठे, ओढा कुठून वाहतो, हे त्यांना दाखवा. ज्या पोराला आपल्या शिवाराची हद्द माहीत आहे, तो तिच्यावर चुना पडताना गप्प बसणार नाही.